दहा दिवसांची मुदत

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात
वस्तू परत येतात.
नऊला शटर वर जातं,
मी टेबल पुसते,
कटर, स्कॅनर, कागदी कपातला चहा.

प्रत्येक खोक्यावर कारण छापलेलं असतं.
माप बसलं नाही.
रंग वेगळा निघाला.
उशिरा मिळालं.
आणि सगळ्यांत जास्त वेळा, मन बदललं.
त्याचा नंबर सात.
सात दाबून दाबून
माझ्या बोटाचं टोक गुळगुळीत झालंय.

उघडलं की कळतं,
मन काही लगेच बदललं नव्हतं.
पैठणीच्या निऱ्यांत अक्षता सापडतात,
बुटांच्या तळाला चौपाटीची वाळू.
एकदा पांढरा शर्ट आला, कॉलर घामाने पिवळी,
खिशात चिठ्ठी: ‘सकाळी अकरा, तिसरा मजला, मूळ प्रती आणणे.’
त्यानेही सातच लिहिलं होतं.
सातला पैसे कापून मिळतात.
मी ‘माप बसलं नाही’ केलं
आणि पुढचं खोकं ओढलं.

शेजारच्या टेबलावरची लविना म्हणते,
लोकांना वस्तू नको असते गं,
दारावरची बेल वाजायला हवी असते.
म्हटलं, मग नुसती बेलच विकायची.
म्हणाली, विकतात की.
परवा तीन परत आल्या.

मीही मागवला होता एक पडदा.
असल्फ्याला आमची खोली, खिडकी एकच,
आणि हातभरावर दुसऱ्यांची भिंत,
तिच्यावर पाण्याचा पाइप, शेवाळ.
फोटोतला पडदा पोपटी होता, फुगलेला.
खोक्यातून निघाला तो उकडलेल्या पालकाच्या रंगाचा.
फोटोत वारा होता.
खोक्यात नव्हता.

परत करायची मुदत दहा दिवस.

बाबांच्या दहाव्याला बाणगंगेवर
कावळा दुपारपर्यंत शिवला नाही.
काका म्हणाले, पोरांना सांभाळू.
आत्या म्हणाली, कर्ज फेडू.
कावळा कठड्यावर बसून मान वाकडी करून बघत राहिला.
मग आई, इतका वेळ गप्प असलेली, पुटपुटली,
घेऊ हो तो रेडिओ.
आणि शिवला.

रेडिओ पुढे कुणी घेतला नाही.

पडद्याच्या दहाव्या रात्री
मी फोन घेऊन बसले.
‘कारण निवडा.’
यादी मला पाठ.
अंगठा सातावर.

प्रणिता अभ्यास टाकून उठली,
टेबलफॅन उचलून तिने
पडद्यामागे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला,
बटण दाबलं.
बघ, म्हणाली, फोटोतल्यासारखा.

तसा काही नव्हता.
पंख्याचं एक पातं जाळीला घासत होतं,
खर्र खर्र, शेजारच्यांनी भिंत ठोकली.
पण पडदा फुगला खरा.

बारा वाजून गेले.
आम्ही दोघी कॉटवर, पाय वर घेऊन,
आणि पलीकडची भिंत
एकदा दिसायची,
एकदा नाही.