फेसाची वाटणी

तुर्हान आधी आला, खिडकीशी बसला.
नेजदेत दारात वाकून
बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला.
त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

मी स्वयंपाकघरात.
आखातावरचा वारा खिडकीच्या फटीतून शिरतो,
गॅसची ज्योत एका अंगाला कलते,
म्हणून जेझवेचा लांब दांडा सोडून चालत नाही.
आणि आज तर जेझवे दोन:
तुर्हानला सादी लागते, नेजदेतला दोन खडे साखर.
साखर मागाहून घालता येत नाही,
थंड पाण्यातच घालायची, कॉफीबरोबर.
या घरात दोन भावांसाठी
पहिल्यापासून दोन चुली पेटत आल्या.

बाबांची पितळी गिरणी फिरवताना
दर फेऱ्याला एकाच जागी अडते.
मी जोर लावते.
पलीकडच्या खोलीत कुणी बोलत नाही,
माझं दळण तेवढं ऐकू येतं.
काजळाइतकं बारीक झालं तरी
मी आणखी थोडं दळते,
त्या दोघांना न बोलायला काहीतरी निमित्त हवं.

शेहेचाळीस झाडं ऑलिव्हची,
एक विहीर, एक बंद पडलेली तेलघाणी.
एद्रेमितच्या कोर्टात अकरा वर्षं.
त्या कागदांवर माझंही नाव होतं,
साक्षीदार म्हणून.

खडे टाकले, ढवळलं,
कडेनं फेस वर येऊ लागला
आणि आतून नेजदेतचा आवाज आला,
म्हातारा झालेला आवाज:
"मुअझ्झेझ, साखर नको गं आता.
डॉक्टर रागावतात."

घातलेली साखर काढता येत नाही.

मग फळीवरून आईची मोठी जेझवे काढली,
दांडा तारेनं बांधलेली,
दोन फिंजाणांचं पाणी एकाच वेळी मावणारी.
एकच आच. एकच माप.
ढवळलं एकदाच, नंतर हात लावला नाही.
कडेनं मध्याकडे फेस सरकत आला,
फुगला, उतू जाणार
तेवढ्यात उचलली.
चमच्यानं फेस वाटला:
थोडा याला, थोडा त्याला,
पुन्हा याला, कमी वाटला म्हणून.
वकील नव्हता, मोजणीदार नव्हता,
तरी माझा हात थरथरत होता.
उरलेली पुन्हा विस्तवावर ठेवली,
एक उकळी दिली
आणि फिंजाणांच्या कडेनं ओतली, हळू,
फेस मोडू नये म्हणून.

तबकात दोन फिंजाणं, गुलाबाचा लोकुम,
पाण्याचे पेले.
आई सांगायची, पाहुण्यानं आधी कॉफी उचलली
तर तो जेवून आलाय;
आधी पाणी प्यायला
तर काही न विचारता ताटं मांडायची.

निघता निघता थांबले.
ती गोड जेझवे तशीच होती ओट्यावर.
कपाटातून तिसरं फिंजाण काढलं,
कान तुटलेलं, पण माझ्या आवडीचं.
सगळा फेस एकटीला.

आत गेले. दोघांच्या मध्ये बसले.
नेजदेत बघत राहिला.
"तू गोड पितेस?"
"कुणी विचारलं होतं?"

गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं असतं.
थांबलो.
खाली धक्क्यावर कुणीतरी बोटीचं इंजिन
चालू करून पाहत होतं, लागत नव्हतं.

मग मी म्हटलं,
"विहिरीकडची सहा झाडं माझी.
यंदा मी झोडणार."

इंजिन एकदाचं लागलं.
तुर्हाननं नेजदेतकडे पाहिलं,
अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही
मला काय उत्तर द्यायचं ते विचारायला.
दोघांचा हात एकदमच
पाण्याच्या पेल्याकडे गेला.

मला दिसलं.
ताटं कुठं आहेत ते दोघांनाही ठाऊक आहे.
माझं फिंजाण अजून अर्धं होतं.