तीस अंश

ओस्त्राव्हात हिवाळ्यात चारलाच अंधारतं.
गॅसचं बिल आलं तेव्हापासून
घर मी अठरावर ठेवते.
कपाट मात्र तीसवर.

कपाटात निळा डबा,
डब्यात अंड्यांचे पुठ्ठे उभे लावलेले,
पुठ्ठ्यांच्या खाचाखाचांतून झुरळं.
किती, माहीत नाही.
ओंद्रा म्हणायचा, मोजायची नसतात, आई,
फक्त कमी पडू द्यायची नाहीत.

तो आता रॉटरडॅमच्या बंदरात क्रेन चालवतो.
जाताना सरडा ठेवून गेला,
सरड्याचं जेवण,
आणि त्या जेवणाच्या जेवणाची यादी, फ्रिजवर:
गव्हाचा कोंडा, गाजर, संत्र्याची साल.
'संत्र्याने वीण वाढते'
याच्याखाली दोन रेघा.

माझ्या आईने जन्मभर चपलेने मारलेली ही जात.
पहिल्या आठवड्यात मी हातमोजे घातले,
श्वास धरला,
झाकण उघडून तसंच लावून टाकलं.
मग कळलं, ही गुळगुळीत भिंत चढत नाहीत.
उजेड पडला की नुसती आत आत सरकतात.
तेव्हा एक आवाज होतो,
शेजारच्या खोलीत कुणी पत्र उघडावं
आणि न वाचता पुन्हा घडी घालावी, तसा.

मादी पिल्लंच देते, जिवंत,
तांदळाच्या कणीएवढी.
थोडा वेळ ती तिच्या पोटाखालीच बसतात.
अशी लेकुरवाळी समोर आली
की माझा चिमटा पुढे जायचा, दुसरीकडे.
क्विडोला काय, कुठलंही चालायचं.
त्यातून नुकतं कात टाकलेलं, पांढरं, सायीसारखं मऊ मिळालं
तर डोळे मिटून गिळायचा.
तसं पांढरं फार वेळ राहत नाही कुणी.

मार्चमध्ये क्विडो गेला.
दिव्याखाली, त्याच्या दगडावर, एक डोळा उघडा.
ओंद्राला फोन केला.
तो बराच वेळ गप्प. मागे कसलातरी भोंगा.
मग म्हणाला, झुरळं फ्रीझरमध्ये ठेव,
झोपल्यासारखी जातात, त्यांना कळत नाही.
त्यांना, म्हणाला.

मी खालचा खण रिकामा केला.
मटाराच्या पिशव्या हाव्रान्कोव्हाबाईंकडे पोचवल्या,
त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
डबा उचलून ओट्यापर्यंत आणला.
वाटला होता त्याहून जड.
पोटाशी धरावा लागला,
स्वेटरमधून ऊब लागली,
अख्ख्या घरात तेवढीच.

उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे.
मग डबा ओट्यावर ठेवून
एक संत्रं सोललं.
फोडी मी खाल्ल्या.

आता एप्रिल.
खाणारं कुणी उरलेलं नाही
आणि वाढणं चालूच आहे.
ओंद्रा विचारतो, झालं का ते काम?
म्हणते, होईल रे, फ्रीझर भरलेला आहे.

खण अजून रिकामाच.
काल त्यात बर्फ साचला होता,
खरवडून काढला.