ठराव क्रमांक सात

निसर्ग मंडळाचं दप्तर सापडलं गुळाच्या पेढीत,
मार्केट यार्डात, तराजूमागच्या फडताळात,
कारण खजिनदार नेजदार यांचा धंदा तोच.
पानांच्या कडा मुंग्यांनी खाल्लेल्या.
कीटकांची यादी करायची राहूनच गेली होती;
त्यांनी आपली नोंद अशी करून ठेवली.

बैठका तालमीच्या माडीवर, महिन्यातून एकदा.
खाली शड्डू, वर गवतांची नावं.
'आवाजामुळे निबंधवाचन तहकूब' असं तीनदा लिहिलंय.
वर्गणी आठ आणे. दुर्बीण एक.
ती सध्या कुणाकडे आहे, यावर चौदा पानं.
पहाटेची फेरी संपली की गंगावेशीत
म्हशीखाली धरलेल्या पेल्यातलं दूध,
त्याचाही हिशेब, जवळजवळ मिशीवरच्या फेसासकट.

मला हवी होती स्थापनेची तारीख,
जमल्यास एखादा ग्रूप फोटो.
मिळाला ठराव क्रमांक सात, साल अडुसष्ट :
'कळंबा तलावावर श्री. हरूण शिकलगार यांना
काळा करकोचा दिसला नाही,
असे पाच विरुद्ध तीन मतांनी ठरले.'

दिसला नाही, असे ठरले.
हे मी बसमध्ये पुटपुटून पाहिलं,
दाढी करताना म्हणून पाहिलं.
बावीस वर्षं इतिहास शिकवला,
पोरांना याहून बरं वाक्य देता आलं नाही.

पुढच्या बैठकीला हजेरी पाच.
त्याच्या पुढच्या, चार.
मग कोरी पानं,
आणि एका पानावर पेन्सिलीनं
गुळाच्या रव्यांची बेरीज, चुकलेली.

शिकलगार भेटले. लक्ष्मीपुरीतलं
कात्र्यांना धार लावायचं दुकान आता नातवाचं.
वय त्र्याण्णव, एक कान पूर्ण गेलेला.
मी ठराव वाचला, मोठ्यानं, दोनदा.
गिऱ्हाईकं वळून बघायला लागली.
ते चिडले नाहीत. म्हणाले,
"नेजदारानं मत कुठं टाकलंतं?"
नावं नाहीत, म्हटलं, नुसते आकडे आहेत.
"मग काय उपेग."

बऱ्याच वेळानं, चाकावरची धूळ पुसत :
"करकोचा हुता का न्हाई ते ऱ्हाऊ द्या.
मी उभा कुठं हुतो, ते लिवलंय का?
पाणी पिंडरीपतूर आलंतं माझ्या.
आता शाळेची कंपौंडाची भिंत हाय बघा, तिथं."

लिहिलेलं नव्हतं.

रविवारी उजाडायच्या आत कळंब्याला गेलो.
भिंत मिळाली. तिच्यावर टायरची जाहिरात,
रंग ताजा.
तिथून पाण्यापर्यंत पावलं मोजली :
चारशे बारा. मध्ये एक गटार
आणि माझ्यावर संशय घेणारी दोन कुत्री.

पहिल्या कोऱ्या पानावर तारीख घातली,
पावलं लिहिली. सूचक म्हणून माझं नाव,
अनुमोदकाची जागा रिकामी.

लांब, पाण्याच्या कडेला काहीतरी उभं होतं,
काळं, किंवा अंधारामुळे काळं.
डोळे ताणून पाहिलं.
दुर्बीण नव्हती.
ती कुणाकडे आहे,
ते चौदा पानांत कुठेच ठरलेलं नाही.