इतर आवाज

संवाद तिघीचौघींत वाटले गेले. मला श्वास आले.
पाच भागांची मालिका, गेमवरून काढलेली,
चित्रं कुठल्याशा दूरच्या देशात रंगवलेली
आणि मराठीत ओतायची धरमपेठेत,
दातांच्या दवाखान्याच्या वर, जिन्यात लवंगतेलाचा वास.
नायिका रात्रपाळीची लिफ्टवाली.
ओळी तिच्या, अमरावतीची एक नाटकातली पोरगी बोलणार.
धापा माझ्या.
कागदावर लिहिलेलं : श्वास (धावत). श्वास (घाबरून).
श्वास (रोखून).

मे महिना. शेहेचाळीस.
माइकला कूलर चालत नाही,
म्हणून टेकपुरता कूलर बंद.
पातं आपली उरलेली गरगर संपवतं,
वाळ्यातून पाणी ठिबकायचं थांबतं,
आणि मग ती शांतता येते,
जिला मी नावानिशी ओळखते.

हा गेम लोकेश खेळायचा. लष्करीबागेतलं आमचं घर,
कुणीतरी टाकून दिलेला कॉम्प्युटर, बाजू उघडी, आत धूळ.
तळघरातल्या त्या जनावराला डोळे नव्हते,
नुसते कान, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कान.
"ऐकून राहिलं ते," लोकेश कुजबुजायचा, "चूप."
स्पेसचं बटण दाबून ठेवलं की लिफ्टवाली श्वास रोखायची,
निळी पट्टी संपेस्तोवर. अकरा सेकंद.
मीही रोखायची, शेजारी, उकिडवी बसून,
जशी काही माझी उरली तर तिला देता येईल.

मला अकराच्या वर जमायचं. सराव होता.

दर सोमवारी दुपारी कुकडेकाकू.
भिशीचे हप्ते थकलेले, चार, मग सात.
फाटकाची कडी वाजली की आई आधी कूलर बंद करायची.
कूलरवरूनच कळतं ना, घरात माणसं आहेत ते.
मग आम्ही तिघं फरशीवर, भिंतीला पाठ.
गॅस बंद केला तरी कुकरच्या पोटात
एक शिट्टी उरतेच. तिची वाट पाहायची.
"कुंदाताई! अवो कुंदाताई!
उन्हात उभी ठेवता का मले?"
आवाज वाईट नव्हता. तेच तर.
दाराखालच्या फटीत छत्रीचं टोक, चपलांची सावली.
कधी ती ओट्यावर बसायची, बाटलीतलं पाणी प्यायची.
एकदा रडली, मला वाटतं.
तिच्याही मागे कुणी असेल, कडी वाजवणारं.

"रोखून," हेडफोनमध्ये पराते सर,
"पण भीती ऐकू आली पाहिजे."
रोखलेला श्वास ऐकू कसा येईल, सर?
"येतो. नीट रोखला की येतो."

पडद्यावर ती लिफ्टच्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी.
दारापलीकडे ते, सगळ्या कानांनी टेकलेलं.
माझ्या कानात छत्री टेकल्याचा आवाज.
तेवीस सेकंद.
काचेमागे कुणी हललं नाही.
मग सर म्हणाले, ओके. लावा रे कूलर.

दुसऱ्या उन्हाळ्यात मालिका आली. श्रेयनामावली एवढी पळती
की "इतर आवाज" वाचेस्तोवर मी गेलेली.
रात्री पावणेदोनला पुण्याहून लोकेश :
"तिसऱ्या भागातली तू होय ना वं?"
मी हो म्हणायच्या आत,
"अंगठा दाबून बसलो होतो मी गादीवर.
पट्टीच नाही दिसून राहिली."

आई असले प्रकार पाहत नाही.
पण मी लावलं तेव्हा दारात उभी होती,
सुपात लसूण घेऊन.
लिफ्टचा प्रसंग आला तशी आत गेली
आणि कूलर बंद केला.
मग तिलाच कळेना. हात बटणावर तसाच.
मी पाहिलं, ती पाहत होती फाटकाकडे.
नुसतं ऊन.

लावला नाही कूलर. भाग संपेस्तोवर दोघी घामाघूम.
नंतर, पाकळी सोलता सोलता, मी काही विचारलं नसताना,
म्हणाली, एकदा तरी उघडायला पाहिजे होतं.
पाणी तरी द्यायचं होतं बाईला.