पायाखालचं

रुस्तावीच्या बाजारात गाडी येते तेव्हा
तिच्या पोटातलं पाणी हललेलं नसतं.
विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो,
पूर नाही लागला हिला, कोरड्या गावची आहे अमेरिकेतल्या.
मी काही बोलत नाही.
दाराची पट्टी उचकटते, गालिच्याच्या कडेला नाक लावते.

बद्री विचारतो, गुलिको, किती दिवस?
मी म्हणते, आधी सूत बघू दे.

पॉलिएस्टर असेल, सुयांनी टोचून टोचून बसवलेलं,
तर दुपारपर्यंतचं काम. वीण नाही, गाठ नाही,
नुसती तंतूंची गर्दी, एकमेकांना धरून.
घासलं की केसाळतं,
वय लपवता येत नाही त्याला.

रेयॉनच्या वेढ्यांचा गालिचा जुन्या गाड्यांत.
कोरडा असताना मोठा रुबाब,
भिजला की जीव सोडतो; बोटाला लागून येतो.
त्याला मी पिळत नाही. आजाऱ्यासारखा दोन हातांवर उचलते.

लोकरीचा एकदाच आला, काळ्या इंग्रजी गाडीतून.
गरम पाणी ओतलं मात्र,
आणि शेडभर ओली मेंढी उभी राहिली.
तुशेतीच्या उतारावरून कळप खाली आणणारे माझे वडील,
त्यांच्या झग्याचा वास.
बद्री नाक दाबून बाहेर गेला.
मी दार लावून घेतलं.

आणि नायलॉन.
नायलॉनला हात लावताना मी जरा थांबते.
एकविसाव्या वर्षी, ह्याच गावात, सहाव्या यंत्रावर होते मी.
वितळलेला रस चाळणीतून उतरायचा शेवयांसारखा,
वाऱ्यात थिजायचा, रिळावर चढायचा,
आणि आम्ही बायका कानात बोळे घालून
नुसत्या ओठांनी बोलायचो.
झैराचं लग्न मोडल्याचं मला असंच कळलं,
आवाजाशिवाय.
मग देशच मोडला. यंत्रं वजनावर विकली गेली.
झैरा सालोनिकाला, परक्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायला.
मी इथेच.
आता धागा माझ्याकडे येतो समुद्र ओलांडून,
चिखल घेऊन.

पण गालिचा उलटल्याशिवाय गाडी कळत नाही.
खाली जाड थर असतो, आवाज गिळणारा,
जुने कपडे फाडून, पिंजून, दाबून केलेला.
वर करडा रंग, एकसारखा, सभ्य;
खाली अख्ख्या जगाची वाकळ:
लाल चिंधी, जीनचा निळा भुगा,
एकदा तर सदऱ्याचं बटण, दोरा तसाच अडकलेला.
कोण कुठला, कोणी शिवलं असेल,
चालवणाऱ्याची टाच वर्षानुवर्षं त्याच्या छातीवर.

हा थर लवकर वाळत नाही.
वरचं सुकतं, हसतं; हा आतल्या आत पाणी धरून बसतो,
पत्रा खातो.
बद्री म्हणतो, खाली वाकून कोण बघतंय?
परवाच्या सातआसनी गाडीतला मी काढला तेव्हा
त्यात वाळू होती, एक शिंपला नखाएवढा,
आणि केसांचं आकडं, पिवळं, लहान मुलीचं.
दोन दिवस छपरावर टाकला. तिसऱ्या दिवशीही
मधोमध तळहाताएवढी ओल.

गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं, बाई सातव्या महिन्यातली.
चपला काढून तिने पाय आत ठेवला,
पायाची बोटं फिरवली. नवा आहे का हो?
बद्री माझ्याकडे बघत होता.
धुतलाय, मी म्हटलं.
नंतर, तो फोनवर असताना,
तिच्याकडे बघून नुसते ओठ हलवले.
तिला वाचता आलं की नाही, माहीत नाही.
ती हसली. पैसे मोजले गेले.

शिंपला टाकून दिला. आकडं खिशात आहे.
संध्याकाळी दुसऱ्या गाडीत उतरले, मागच्या बाजूला,
कोपरे दाबून बसवायला.
उठले तेव्हा गालिच्यावर माझ्या गुडघ्यांचे दोन खळगे.
सकाळपर्यंत भरून येतील.
नायलॉन आहे.