वेढलेला

डाव्या डोळ्यात धुकं उतरलं तेव्हा गाडी विकली.
परवाना वीजबिलांच्या पिशवीत गेला.
मग एका मंगळवारी, काही कारण नसताना,
चौथीच्या भूगोलातलं वाक्य आठवलं :
चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट.
उदाहरण द्या, असं ठोंबरेबाईंनी विचारलं होतं.
मी लिहिलं होतं श्रीलंका.
नौपाड्यात बसून,
साष्टी बेटावर बसून.

बाईंनी बरोबरची खूण केली होती.

तेव्हा आता तपासायला निघालो, टीएमटीने.
गायमुखाच्या बसमध्ये कंडक्टर बाई,
छातीवर पाटी : आर. डी. घुटुकडे.
कुठं?
शेवटपर्यंत.
शेवट म्हणजे नक्की कुठला, काका?
मला सांगता येईना.
तिने यंत्राची कळ दाबली, चिठोरं फाडलं,
आणि मेट्रोच्या खांबांमागून, कंटेनरच्या रांगेमागून
एकदम उजवीकडे पाणी आलं,
राखाडी, रुंद, कुणी न बोलावलेलं.
चाळीस वर्षं या रस्त्याने गेलो होतो मी
समोरच्या ट्रकचा नंबर वाचत.

एक बाजू झाली.

कोलशेतला बस वळते तिथून चालत गेलो.
गाळात रुतलेला पडाव, त्यावर वाळत घातलेली चादर,
पलीकडे भिवंडीची गोदामं.
दुसरी म्हणावी का ही,
की पहिलीच अजून संपली नाही?
पाण्याला कोपरे नसतात
हे वहीत कुठेच नव्हतं.

चेंदणीला ओहोटी होती.
निवट्या चिखलात उड्या मारत होत्या.
यमुना नाखवा जाळ्यातला प्लास्टिकचा कचरा उपसत म्हणाली,
गारी कंची तुमची?
विकली.
बरा झाला. गारीवाली लोका पुलावरशी जातान,
खाली कोन बगतंय?
मग माझ्या बुटांकडे बघून हसली, खूप वेळ.

परतीची बस कुठली ते न बघताच चढलो.
ती कळव्याला निघाली होती.
पुलाच्या मधोमध कोंडी, इंजिन बंद,
पोरं मोबाइलवर,
आणि खिडकीखाली खाडी
कुणाच्या तरी फुटक्या गणपतीचा हात घेऊन चाललेली.
तेवढी अकरा मिनिटं
मी बेटावर नव्हतो.
मुलखावरही नव्हतो.
तिकीट मात्र होतं.

शैलजाने दारातच विचारलं, काय आणलंस?
चिखल, म्हणालो.
तिने जुना पेपर अंथरला.

सगळी तिकिटं फ्रिजवर चुंबकाखाली लावलीत.
शाई उडत चाललीय त्यांची,
गायमुख तर आता नुसतं मुख उरलंय.
पश्चिमेचं पाणी राहिलंय.
बोरिवलीची बस, पुढे गोराईच्या धक्क्याची दुसरी,
मधे जेवायचं कुठे ते ठरायचंय.
उजवा डोळा अजून बरा आहे.
डॉक्टर म्हणतात, दर सहा महिन्यांनी या.
मी विचारलं,
तुमच्याकडे यायला बस कुठली?