ताशी आठ

रात्री अकरानंतरच निघायची परवानगी.
मकरपुऱ्याच्या कारखान्याचं फाटक
दोन्ही अंगांनी उघडतं, आणि निघतो आम्ही.
पुढे ओढायला मी, मागे ढकलायला बलवीर,
मधे दोनशे दहा टनांचा ट्रान्सफॉर्मर,
ताडपत्रीत गुंडाळलेला,
घरातलं जुनं दुखणं न्यावं
तसा धक्का न लावता न्यायचा.

टायर एकशे अठ्ठावीस.
मी मोजत नाही. कनू राठवा मोजतो,
दर चोकडीला, हातोडीनं ठोकून, कान लावून,
बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं.
एखादा बद्द बोलला
की आजची रात्र तिथंच.

लोक म्हणतात, ट्रकवर आहात,
म्हणजे देश पाहिला असेल.
पाहिला ना.
पायी चालणाऱ्याला दिसतो तेवढा.
भरूचला पोचायला चार रात्री.
सायकलवाला मागे टाकतो मला,
कुत्रं पुढे जातं, परत येतं,
चाक हुंगून निवांत तंगडी वर करतं
आणि तरी माझ्याआधी पोचतं नाक्यावर.

लग्न जुळवताना दांडिया बाजारातल्या आत्यानं
सांगितलं होतं, मुलगा वाहतूक खात्यात आहे.
खोटं नव्हतं तसं.
कचेरीतले कारकून बाबा
पुढे वर्षभर माझ्याशी
फक्त हवामानावर बोलत होते.

तरसालीपाशी वायरी खाली आल्यात.
कनू लोडच्या माथ्यावर चढतो,
बांबूच्या फुलीनं एकेक तार उचलतो,
आंघोळीआधी बाईनं ओले केस उचलावेत तशी,
आणि ओरडतो, हळवे, हळवे!
त्याच्या भाषेत, सावकाश.
माझ्या भाषेत काय, ते त्याला
बारा वर्षांत सांगितलेलं नाही.

पण आमच्या गल्लीच्या तोंडावरची तार
बांबूला ऐकत नाही.
तिथं वीजकंपनीचा माणूस खांबावर चढतो,
शिट्टी वाजते,
आणि अख्खी गल्ली विझते.
पंखे थांबतात, तान्ही रडायला लागतात,
कुणाच्या तरी गच्चीतून गुजरातीत शिवी येते.
मी घेतो ती. ओळखीच्या आवाजातली आहे.

तेवढ्यात कुंदा येते.
चपला वाजवत, हातात डबा.
थांबता येत नाही, थांबलो
तर पुन्हा हलायला यंत्राचा जीव जातो.
इथं ताशी तीन.
ती दाराशेजारून चालते,
एक हात पायरीच्या दांडीवर,
जणू हे सगळं धूड तीच नेते आहे धरून.

वर न बघता बोलते:
नळाला दोन दिवस गढूळ येतंय.
डावी दाढ काढून टाक एकदाची.
रेवाचा फॉर्म भरला, तुझी सही मीच केली.
भाच्याच्या लग्नात साडी द्यायची का पाकीट?
मी समोर बघून हं म्हणतो, हं म्हणतो,
वॉकीटॉकीत बलवीर विचारतो, काय?
त्याला सांगतो, तुला नाही.

बावीस वर्षांचा संसार;
जास्तीत जास्त बोलणं आमचं
याच अर्ध्या किलोमीटरवर झालंय.
भांडणंसुद्धा. एकदा तर ती रागानं
पुढे निघून गेली, आणि मला
तिला गाठता आलं नाही.

पेट्रोलपंपापाशी डबा वर देते,
ऊन आहे, म्हणते, आणि वळते.

मागे पुन्हा शिट्टी.
आरशात एकेक खिडकी उजळत येते,
आमची कुठली ते इतक्या लांबून कळत नाही.
दोन खांबांच्या मधल्या काळोखात
चालत असेल ती अजून.

जांबुव्याच्या पुलाखाली साहेब
टॉर्च घेऊन उभे आहेत,
भेग ऐकायला.
कनू वरून म्हणतो, हळवे.
पहिली चाकं पुलावर चढतात
आणि तेव्हा सुचतं,
साडी. साडीच दे.
हे सांगायचं राहिलं.